कुणाचंच नसलेलं नाव

१

"वेगळंच नाव आहे हो, गोड आहे," असं यापुढे मला कोणी म्हणालं ना, तर मी त्याच्या तोंडावर दार आपटीन. मग तो पेशंट असो, शेजारी असो, नाहीतर माझा जावई असो. जावयाच्या तोंडावर तर आधी.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. कामाला लागले तेव्हा माझी लेक शाळेत जात होती, आता तिला पोर व्हायची वेळ आली, म्हणजे समजा किती वर्षं झाली. माझं काम काय? फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, रडणाऱ्याला पाणी द्यायचं, भांडणाऱ्याला गप्प करायचं, आणि दुपारी डॉक्टरांना चार घास सुखाने खाऊ द्यायचे. हे शेवटचं सगळ्यात अवघड. "आमची दाढ ठणकतेय आणि हे जेवतायत?" असं म्हणून एका बाबाने सरळ आत घुसून डॉक्टरांपुढे तोंड उघडलं होतं. डॉक्टरांचा घास हातातच राहिला. मग डॉक्टर कुणावर ओरडले? माझ्यावर. जसं काही मीच त्या बाबाची दाढ किडवली होती.

आमच्याकडे आतल्या खोलीचं दार बोळात आहे. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्यांना ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. जिन्यात थांबलेले पेशंट त्याच बोळातून आत जातात. तेव्हा मी एक युक्ती काढली. जेवणाची वेळ झाली की बोळात उभं राहायचं, जिन्याकडे तोंड करून एक नाव मोठ्याने पुकारायचं, दार उघडून धरायचं, "या, आत या" म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. आत कुणीतरी पेशंट गेला म्हटलं की लोक मुकाट बसतात. डॉक्टर पडद्यामागे स्टुलावर बसून जेवतात. कुणाचं काही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी मी आपलं चारचौघांचं असतं तसं एक नाव पुकारलं. तीन जण उठले. दोघांची नंबरावरून बाचाबाची झाली आणि तिसरा तेवढ्यात आत जाऊन आ वासून बसला. मग मी ठरवलं, नाव असं हवं की जे जगात कुणाचंच नाही. दुसऱ्या दिवशी बोळात उभी राहिले. आत मशीन घरघरत बंद होत होतं, खाली कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं, आणि त्या कलकलाटात माझ्या तोंडून एक नाव निघालं. पुरुषाचं नाव. ऐकायला भारदस्त, चांगलं जुनं वाटणारं, पण देवाचं नाही, राजाचं नाही, ताऱ्याचं नाही. कुणी उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, "हे कुठलं हो नाव?" मी म्हटलं, "कुठलंच नाही, म्हणून तर."

हे त्या नावाचं मूळ. एक वैतागलेली बाई, दाताच्या दवाखान्याच्या बोळात. यापलीकडे मूळ-बीळ काही नाही, कुणी काहीही सांगू दे.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही ते मनात वाचणार, आणि मनात वाचणं म्हणजे हाकच झाली. एवढं ऐका माझं.

२

वर्षानुवर्षं हे असं सुरळीत चाललं होतं. रोज दुपारी हाक, दार, "या, आत या", दार बंद. भाजीत मीठ टाकावं इतक्या सवयीने मी ते करत होते. मग एक दिवस शिंपीकाका आले.

शिंपीकाका म्हणजे आमचे जुने पेशंट. कोपऱ्यावर त्यांचं शिलाईचं दुकान आहे. जबडा सुजून भोपळा झाला होता. मी दुपारचा माझा खेळ करून काउंटरवर येऊन बसले, तर थोड्या वेळाने म्हणतात, "मावशी, ते आत गेले ते अजून बाहेर आले नाहीत."

"कोण हो?"

त्यांनी नाव सांगितलं. अगदी बरोबर, जसं शेजारच्या बिऱ्हाडकरूचं सांगावं तसं.

"येतील. मोठं काम आहे त्यांचं," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय होतीच.

"मला घाई नाही. पण माणूस भला दिसला. माझ्या शेजारीच बसले होते ना इतका वेळ. तुम्ही हाक मारलीत तसे लगबगीने उठले. उठताना माझ्या गुडघ्यावर हात टेकला त्यांनी." काका गुडघा चोळत होते. "हात बाकी जड होता."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. ती कोपऱ्यातली खुर्ची, एका पायाने डुगडुगते म्हणून तिथे कुणी बसतच नाही. सकाळपासून ती रिकामी होती. मी समोर बसलेली, माझ्या डोळ्यांत काही माती गेली नव्हती.

"काका, तिथे कुणी नव्हतं."

"अहो असं काय करता!" ते रागावले. "नाव तुम्हीच घेतलंत की."

मी विषय वाढवला नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू, जबड्यात सूज, पोटात दुखणं मारायच्या गोळ्या. अशा माणसाला शेजारी हत्ती बसलेला दिसला तरी मी नवल करणार नाही. त्यांना पाणी दिलं, नंबर आला तसं आत पाठवलं आणि विसरून गेले. म्हणजे विसरले असं मी स्वतःला सांगितलं.

३

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. मला वाटलं, पगारवाढ. कसलं काय.

"मावशी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण मी जेवत असताना तुम्ही या खुर्चीवर आडव्या पडता का?"

"काय?"

"मी पडद्यामागे जातो तेव्हा खुर्ची सरळ असते. हात धुऊन येतो तर पूर्ण मागे झुकलेली. आणि चूळ भरायचा कागदी पेला ओला. पाय दुखत असतील तर बाहेर सांगा, मी वेगळी सोय करतो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीला फडक्याशिवाय हात लावला नाही. "डॉक्टर," मी म्हटलं, "मी तुमच्या खुर्चीत आडवी पडेन ती एकदाच, दात काढायला. आणि तेव्हाही पैसे देऊन."

ते ओशाळून हसले. "मग खुर्चीच बिघडली असेल. दाब उतरत असेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकने खुर्ची खाली-वर करून बघितली, म्हणाला काही बिघाड नाही, आणि जाता जाता विचारलं, "ही वजन पडल्याशिवाय झुकत नाही. माहितीये ना?" माहितीये म्हणून डॉक्टरांनी मान हलवली. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. पेल्याचं त्यांनी मेकॅनिकला सांगितलंच नाही.

मी मात्र दुपारची हाक चालू ठेवली. का ठेवली? कारण बंद केली असती तर मी घाबरले असं झालं असतं, आणि घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. असं मी ठरवलं होतं.

४

लेक आणि जावई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. लेकीला दिवस भरत आले होते. जावई माणूस चांगला, पण त्याला प्रत्येक गोष्टीची माहिती काढायचा रोग आहे. साधी बादली आणायची तरी चार जणांचं मत घेईल, फोनवर तासभर वाचेल आणि शेवटी भोक पडलेली बादली घेऊन येईल.

एका सुट्टीच्या सकाळी दोघं खाली आली. लेक पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आई, नाव ठरलं."

"मुलगा होणार की मुलगी, ते ठरू दे आधी."

"मुलगाच आहे. मला माहितीये."

"बरं बाई. काय नाव?"

तिने सांगितलं.

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. घरी हे नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. दवाखान्यातलं दवाखान्यात, अशी माझी पहिल्यापासूनची रीत. "कुठून आणलंस हे?"

"आणलं कुठून काय? दुपारी झोपले होते, जागी झाले तर ओठांवर होतं." ती हसत होती. "मी म्हटलं, असं नाव असतं तरी का. तर यांनी शोधलं आणि निघालं की."

"मूळ, अर्थ आणि लोकप्रियता बघितल्याशिवाय मी काही पक्कं करत नाही, आई," जावईबापू खुशीत म्हणाले आणि फोन पुढे धरला. "मूळ अज्ञात, पण फार प्राचीन. अर्थ फार सुंदर आहे. ज्याच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, तो. लोकप्रियता अगदी विरळ, पण हळूहळू वाढतेय."

"प्राचीन काय डोंबलाचं!" मी ओरडले. "ते नाव मी बनवलंय. दवाखान्यात. डॉक्टरांच्या जेवणासाठी!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारी माणसं काहीतरी बरळली की तरुण बघतात ना, तसं. "अगं आई," लेक म्हणाली, "तू काय नावांचा कारखाना काढलायस का?"

मी सगळं सांगितलं. हाक, दार, खोटा पेशंट. शिंपीकाका आणि खुर्ची तेवढी गाळली, बाळंतीण होणाऱ्या पोरीला कशाला सांगा. जावई म्हणाला, "मग सरळ आहे. ही लहानपणी दाताला तार लावायला तुमच्याकडे यायची, तेव्हा हाक ऐकली असेल. डोक्यात राहून गेली."

"आणि तुमच्या फोनमधला अर्थ? तो कुणी ऐकला?"

"तो नावाचा अर्थच आहे ना, आई. तुम्हाला माहीत नव्हता एवढंच."

मी हात टेकले. मला नातवंड हवं होतं, जीव तुटत होता त्याच्यासाठी. आणि ज्याला मी रोज दुपारी दार धरून आत बोलावते, त्याचं नाव मला त्या पोराला लावायचं नव्हतं. तो कुणी नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा नको होतं.

५

मग ते नाव मला जिथेतिथे भेटायला लागलं.

आमच्याकडे कवळ्या बनवून आणणारा एक माणूस आहे, आम्ही त्याला कवळीवालाच म्हणतो. त्याला मी सहज म्हणून विचारलं, असं नाव कधी ऐकलंय का रे? मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "म्हणजे काय! माझ्या आजोळी होते ना एक."

"कसे होते दिसायला?"

"दिसायला..." त्याने डोकं खाजवलं. "चेहरा आठवत नाही. होते एवढं नक्की."

दुसऱ्या दिवशी एक शिक्षिका आली, तिच्या वर्गात म्हणे एक होता. चेहरा? आठवत नाही. पलीकडच्या औषधाच्या दुकानातल्या पोरीला तिच्या चुलत्याचं वाटलं. जिला विचारावं तिच्या घरात, गल्लीत, ऑफिसात हा आपला आहेच. माझ्या डोक्याला नुसता ताप. बाई गं, मी बनवलेलं नाव आहे, तुमच्याकडे आलं कुठून, असं म्हटलं की मलाच वेड्यात काढायचे. डॉक्टरसुद्धा म्हणाले, "मावशी, जगात नवीन असं काही नसतं. तुम्ही कुठेतरी ऐकलं असणार." आणि मग मलाही शंका यायला लागली. त्या दिवशी बोळात मी ते बनवलं, की जिन्याच्या अंधाऱ्या टोकाकडून कुणी मला ते सांगितलं आणि मी नुसतं मोठ्याने म्हटलं? मशीन घरघरत होतं. मला नक्की आठवेना.

सगळ्यात वाईट बोलली ती एक आजी. दात सगळे पडलेले, बोलणं फसफसणारं. मी विचारल्यावर तिने आधी दाराकडे बघितलं.

"होता," ती म्हणाली. "मी लहान असताना. आमच्या दाराशी उभा असायचा."

"काय करायचा?"

"काही नाही. उभा. गरीब बिचारा. कुणी ये म्हटल्याशिवाय आत यायचा नाही."

"मग?"

"मग काय," आजी म्हणाली, "कुणीतरी म्हटलं असेल."

पुढे काय झालं ते मी विचारलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि आपला नंबर कधी आहे ते मला विचारलं.

६

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, आजपासून मी ती हाक मारणार नाही. त्या वेळेला खरा पेशंट घेते. तुम्ही जेवा तुमचं नंतर.

"अहो एक नाव पुकारायला काय जातं तुमचं?"

"माझं नातवंड जातंय," मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. माझा हिशेब साधा होता. नाव वापरातून काढलं, जागा दुसऱ्याला दिली, की संपलं. जागाच नाही तर कसला आलाय अर्थ आणि कसलं काय. मग लेकीला आरामात समजावता येईल.

दुपार झाली. मी काउंटरवरूनच शिंपीकाकांना म्हटलं, "काका, चला, तुम्ही जा आत."

काका उठले नाहीत. कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "यांचा नंबर आहे ना आधी?"

"कुणाचा?"

"अहो हे केव्हाचे थांबलेत," पलीकडची बाई म्हणाली. तिला मी जन्मात पाहिलं नव्हतं. "आम्ही सगळे मागून आलो."

"त्यांना घ्या आधी," कोपऱ्यापासून तिसरा, हातात हेल्मेट घेतलेला माणूस म्हणाला. "माणूस बोलत नाही म्हणून त्याला मागे टाकायचं, हे काही बरोबर नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. रांगेत घुसणाऱ्याकडे बघतात ना, तसे. इतकी वर्षं नंबरावरून भांडणं मिटवली मी, आणि आज अन्याय केल्याचा आळ माझ्यावर! माझं डोकंच फिरलं. मी काउंटर सोडून तरातरा पुढे आले, त्या डुगडुगत्या खुर्चीवर हात आपटला आणि ओरडले, "कुठाय? कोण बसलंय इथे? दाखवा मला!"

खुर्चीची बैठक कोमट होती. मी हात मागे घेतला.

सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं, आणि मग त्यांचे चेहरे ओशाळले. झोपेतून उठवल्यासारखे झाले ते. हेल्मेटवाला म्हणाला, "आत्ता तर होते."

"मग गेले कुठे?"

"तुम्ही घेतलं नाहीत त्यांना," शिंपीकाका हळूच म्हणाले, "मग जातील जिथे जागा असेल तिथे."

फोन वाजला. जावयाचा होता. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, दोघं हॉस्पिटलकडे निघाली होती. मी पर्स उचलली आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.

७

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर एक लांब गॅलरी होती, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला दारं. शेवटचं दार बाळंतपणाच्या खोलीचं. ढकलून उघडायचं, स्प्रिंगचं, सोडलं की खाडकन मिटणारं. आत-बाहेर करणाऱ्या नर्सेसमुळे ते सारखं खाडखाड वाजत होतं. जावई बाकावर बसून फोनवर काहीतरी वाचत होता. "पहिल्या वेळी वेळ लागतोच, आई, असं लिहिलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "तो फोन खिडकीतून बाहेर फेकीन हां." त्याने गुपचूप खिशात ठेवला. मग रिकाम्या तळहाताकडेच बघत बसला, तेव्हा मला त्याची दया आली.

दुपार कलली. आतून लेकीचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. नर्स बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"बाळ खाली सरकत नाहीये. ठोके मंदावलेत. डॉक्टर ऑपरेशनची तयारी करतायत." मग माझ्याकडे वळून वैतागून म्हणाली, "आणि तुम्ही आई ना? ती कळा द्यायलाच तयार नाही. एकच धोशा लावलाय, आईला सांगा हाक मारायला. तो दाराशी थांबलाय म्हणते, आई या म्हणाली की येईल. कसली हाक?"

"काही नाही," मी म्हटलं. "ती भ्यायलीय."

"मग मारा ना हाक! काय जातं तुमचं? तिने जोर केला तर बाळ वाचेल."

काय जातं तुमचं. सगळ्या जगाला हे एकच वाक्य येतं. मी तिथे उभी राहून मनात आख्ख्या दुनियेला शिव्या घातल्या. डॉक्टरांना, त्यांच्या डब्याला, त्या बाबाच्या किडक्या दाढेला आणि माझ्या अतिशहाण्या डोक्याला. हाक मारली तर तो आत जाणार. नाही मारली तर बाळ हातचं जाणार. आणि जर तो कुणी नसेलच, तर मी एका खोट्या नावापायी माझ्या लेकीच्या पोराचा जीव टांगणीला लावून उभी आहे. असा विचार केला की मला स्वतःचीच लाज वाटली. तो नाहीच, मी स्वतःला म्हटलं. नाहीच मुळी.

आतून लेक ओरडली, "आई, अगं बोलाव ना!"

मी दार ढकलून धरलं. मागे वळले, रिकाम्या गॅलरीकडे तोंड केलं आणि ते नाव घेतलं. मोठ्याने, स्पष्ट, दवाखान्यात घेते तसं. "या," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. "आत या."

कुणी गेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोरून कुणीही गेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. जावयाने फक्त बाकाखाली पाय ओढून घेतले, वाटेत आडवे नकोत म्हणून घेतात तसे. आणि मी हात काढल्यावर दार लगेच मिटलं नाही. एक माणूस सावकाश आत जाईल इतका वेळ ते तसंच उघडं राहिलं, मग खाडकन मिटलं.

थोड्याच वेळात बाळ रडलं.

८

"मुलगी झाली," नर्स म्हणाली. "दोघी ठणठणीत आहेत."

मुलगी! मी भिंतीला टेकले आणि रडले. हसलेही. मुलगी म्हटल्यावर त्या नावाचा काही संबंधच उरला नाही. जावई एकीकडे डोळे पुसत म्हणत होता, "नाव तर मुलाचं शोधून ठेवलं होतं, आता सगळं पहिल्यापासून." मी म्हटलं, "शोधा, खुशाल शोधा, आता मी एक शब्द बोलणार नाही." इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. काय मूर्ख बाई आहे मी, असं वाटून मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

लेकीला खोलीत हलवलं. मी आत जायला निघाले तशी नर्सने मला थांबवलं. "जरा थांबा. एका वेळी एकालाच सोडतो आम्ही, आणि तुमच्यातले एक जण आधीच आत बसलेत."

मी जावयाकडे बघितलं. तो माझ्या शेजारीच होता.

"कोण बसलंय?"

"ते मोठे नातेवाईक. तुम्हीच दार धरलंत की त्यांच्यासाठी." ती कौतुकाने म्हणाली, "बाळ त्यांच्याकडेच दिलंय. पुरुष माणूस असून किती अलगद धरतात."

मी तिला बाजूला सारलं. दार अर्धवट उघडं होतं. आत खिडकीतून संध्याकाळचं ऊन पडलेलं. लेक डोळे मिटून पडली होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले. पलंगाशेजारी एक साधी लोखंडी खुर्ची. आणि बाळ, पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं, त्या खुर्चीत होतं. म्हणजे बैठकीवर नाही. बैठकीच्या वीतभर वर, माणसाची मांडी असते तिथे. दुपट्याची एक बाजू कुणाच्या कोपराच्या खळग्यात टेकल्यासारखी दबलेली. ते शांत झोपलं होतं, आणि अगदी थोडं, झोके द्यावेत तसं, हलत होतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते आणि त्याने दचकून सोडलं असतं तर? आयुष्यभर लोकांवर आवाज चढवला मी, आणि त्या वेळी मला आवाज इतका खाली आणावा लागला की माझा मलाच ऐकू आला नाही. मी पुढे गेले. दोन्ही हात पसरले. "द्या इकडे," मी म्हटलं. "दमला असाल. मी आजी आहे तिची. द्या."

झोका थांबला. बाळ माझ्या हातांकडे आलं नाही. ते थोडंसं मागे गेलं, आणि खुर्ची करकरली, कुणीतरी नीट रेलून बसल्यासारखी.

"द्या ना हो," मी म्हटलं. मी रडत होते.

लेकीने डोळे उघडले नाहीत. झोपेतच तिने माझा पदर धरला. "राहू दे ना आई, त्यांच्याकडे," ती पुटपुटली. "किती वर्षं थांबलेत ते."